‘शिक्षक कामगार नव्हे’ : एका व्याख्येची चिकित्सा

केंद्रीय कामगार कायदा आणि राज्यांचे कायदे यांची तुलना बहुधा कारखान्यापुरती केली जाते. या दोहोंमध्ये अध्यापकाचे स्थान कोठे, हा प्रश्न गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्याने पुढे आणला. ए. सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन या १९८८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणसंस्था ‘उद्योग’ असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे, असे ठरविले. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील व्याख्या अंगमेहनतीची, कुशल, तांत्रिक, कारकुनी अशी कामे मोजते. अध्यापन हे उदात्त कार्य असल्याने त्यांत बसत नाही, हा निवाड्याचा युक्तिवाद.

भाषेच्या दृष्टीने तो कच्चा आहे. शाळेचा कारकून कामगार ठरतो आणि शेजारच्या वर्गातील शिक्षक उदात्त ठरल्यामुळेच संरक्षणास मुकतो. ‘उस्ताद’ म्हणून सलाम करायचा आणि दाद मागण्याचे दार बंद करायचे, असा हा आदर! अर्थात शिक्षकांचे शोषण होते, त्यांच्यासाठी योग्य यंत्रणा हवी, हेही त्याच निवाड्यात नमूद आहे.

ती यंत्रणा राज्यांच्या कायद्यांत शोधावी लागते. महाराष्ट्राचा कामगार संघ मान्यतेचा १९७१ चा कायदा येथे उपयोगी नाही, कारण शिक्षणसंस्थांच्या बाबतीत त्यातील व्याख्या केंद्रीय कायद्यावरच टेकलेली आहे. खरा आधार खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या अधिनियमाचा. बडतर्फ शिक्षकास त्यान्वये शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. वरिष्ठ महाविद्यालयांसाठी २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. सीमाभागात कर्नाटकाचा १९८३ चा शिक्षण कायदा लागतो. १९७७ च्या अधिनियमातील अल्पसंख्याक शाळांची सवलत मात्र नीट वाचावी. ती मुख्याध्यापक व जास्तीत जास्त तीन नामनिर्दिष्ट व्यक्ती यांच्या भरतीपुरती आहे. बडतर्फीपर्यंत ती ताणण्यास व्यवस्थापनाला त्या कलमात जागा नाही.

केंद्राला व्याख्या रुंद करता येत नाही असेही नाही. उपदानाच्या कायद्यातही शिक्षक बसत नाही, असे २००४ साली ठरल्यावर संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती केली, तीही १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ही संधी दवडली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या संहितेत कामांची यादी जवळपास तीच आहे. श्रमिक पत्रकार आणि विक्री-प्रवर्तन कर्मचारी यांचा उल्लेख आहे, शिक्षकाचा नाही. उलट धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा देणाऱ्या संस्था ‘उद्योगा’तून वगळल्या आहेत. त्यामुळे १९८८ च्या निवाड्याने कारकुनासाठी उघडे ठेवलेले दारही न्यासाच्या शाळेत आता वादाचा विषय होऊ शकते.