पाकपुस्तकातले पापलेट

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले. पाठारे प्रभूंच्या घरची मासळी त्यात भाज्या-पक्वान्नांच्या पंक्तीला बिनदिक्कत बसली आहे. गिरगाव-दादरच्या चाळींना मात्र हे औदार्य सदैव साधले नाही. एका बिऱ्हाडात बांगडा तव्यावर पडला की शेजारच्या दाराची कडी लागे, आणि मग नळावर वाद जुंपे: मासा खावा की खाऊ नये?

या वादाचा आणि आपल्या यच्चयावत पाकपुस्तकांचा दोष एकच. मासा आपल्याला भेटतो तो खवले काढून, तुकडे करून. तो केवढा होता, कोणत्या महिन्यातला होता, हे कोणी पुसत नाही. पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा केले; त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर, म्हणजे आपली सुमारे सात बोटे. त्याहून लहान ते बहुधा एकदाही अंडी न घातलेले पिल्लू. अन् आपल्या खानावळींची ऐट कशात, तर अख्खे तळून बशीत मावणाऱ्या पापलेटात!

शाकाहारी मंडळींनीही लगेच हात झटकू नयेत. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लांचा जो चुरा येतो, त्याची कुटी होऊन ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. "अंडे तेवढे चालते" म्हणणाऱ्याच्या आम्लेटापर्यंत दर्या असा पोहोचतो. शिवाय परळ-लालबागच्या गिरणगावात सुकट आणि बांगडा ही चैन नव्हती, कोकणातून आलेल्या गिरणीकामगाराच्या भाताला तोच आधार होता. त्याला मासे सोडण्याचा उपदेश करणे सोपे. जाळ्याचा आस मोजणे अवघड.

श्रावण पाळणाऱ्यांचे म्हणाल, तर नारळी पौर्णिमेपूर्वी होडी न लोटण्याचा कोळ्यांचा जुना रिवाज मला अधिक शहाणा वाटतो. २०२३ साली सरकारी बंदी ३१ जुलैला उठली आणि पौर्णिमा आली ३० ऑगस्टला. (अधिक श्रावण होता, हे खरे.)

मध्यंतरी दादरला मी एका पाटीपुढे वाकून पापलेटावर बोटे ठेवली. पाचच भरली. मावशी म्हणाली, "माप त्या ट्रॉलरवाल्याला लाव, माझ्या पाटीला कशाला?" तिचे काही चुकले नव्हते. मी पापलेट खाली ठेवले आणि तिच्याकडूनच मूठभर सुकट घेतली.