समजूतदार माणसाचा चेहरा : गिरीश कार्नाड यांची अभिनय-कारकीर्द

प्रस्तावना

गिरीश कार्नाड (१९३८–२०१९) हे नाव अभ्यासक्रमात येते ते नाटककार म्हणून. ‘ययाति’, ‘तुघलक’, ‘हयवदन’, ‘नागमंडल’ ही नाटके आणि १९९८चा ज्ञानपीठ पुरस्कार यांची नोंद झाली की शेवटी एक ओळ जोडलेली असते : ‘ते एक अष्टपैलू अभिनेतेही होते.’ ही ओळ खोटी नाही, पण तिच्यातून काही कळतही नाही. अष्टपैलू म्हणजे नेमके काय, आणि कार्नाडांच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, हे या टिपणात पाहायचे आहे.

हा प्रश्न बंगळूरच्या येलहंका भागातल्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सहज उभा राहतो, कारण वर्गात निरनिराळ्या राज्यांतली मुले असतात. कार्नाड म्हटले की कन्नड मुलांना ‘मालगुडी डेज’मधले स्वामीचे वडील आठवतात, तमिळ मुलांना ‘कादलन’मधला राज्यपाल, हिंदी प्रदेशातल्या मुलांना ‘एक था टायगर’मधले डॉ. शेणॉय. मराठी घरातल्या मुलांनी आईवडिलांबरोबर ‘उंबरठा’ पाहिलेला असतो. प्रत्येकाचा कार्नाड वेगळा. तरीही या सगळ्या भूमिका शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्यात एक नाते दिसते. ते नाते हाच आपला विषय आहे.

१. पार्श्वभूमी

जन्म माथेरानचा, बालपण शिरसी आणि धारवाडला. मातृभाषा कोकणी, लेखनाची भाषा कन्नड, आणि मराठीशी लहानपणापासूनची ओळख. धारवाडला कन्नड आणि मराठी या दोन्ही नाट्यपरंपरा एकमेकींना खेटून वाढल्या, हे येथे लक्षात ठेवावे. कार्नाडांनी पदवी घेतली ती गणित व संख्याशास्त्राची. त्यानंतर रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी. चित्रपटात ते आले १९७० साली, ‘संस्कार’मधून. त्या वेळी ते तिशी ओलांडलेले, नाव झालेले नाटककार होते. पुढे १९७४-७५मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. म्हणजे शिकलेला, चार ठिकाणी मान असलेला माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. दिग्दर्शकांनी त्यांचा उपयोग करून घेतला तोही याच ओळखीसह.

२. अष्टपैलुत्वाचे दोन प्रकार

एका प्रकारचा नट रूप बदलतो. मराठीतले ठळक उदाहरण दिलीप प्रभावळकरांचे : दूरदर्शनवरचा चिमणराव, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी एकाच माणसाने साकारले आहेत, हे आठवण करून द्यावे लागते. आवाज, चाल, खांद्यांची ठेवण, सगळे नव्याने घडवलेले असते.

दुसऱ्या प्रकारचा नट फारसा बदलत नाही. चेहरा तोच, बोलण्याची लय तीच. बदलते ती परिस्थिती, आणि त्या परिस्थितीत तोच चेहरा वेगळा वाचला जातो. कार्नाड या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांचा हा स्थिर चेहरा समजूतदार माणसाचा आहे. हा माणूस आवाज चढवत नाही, समोरच्याचे ऐकून घेतो, मुद्द्याला धरून बोलतो. भूमिकेगणिक प्रश्न एवढाच असतो : हा समजूतदारपणा कुणाच्या कामी येतो, आणि त्याची किंमत कोण मोजते?

३. विवेकाची हतबलता : ‘संस्कार’, ‘निशांत’, ‘मंथन’

यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरचा ‘संस्कार’ पट्टाभिराम रेड्डी यांनी दिग्दर्शित केला आणि पटकथा कार्नाडांनीच लिहिली. अग्रहारातला नारणप्पा प्लेगने मरतो. त्याने सगळे आचार मोडलेले होते. मग अंत्यसंस्कार कुणी करायचे? सगळे विद्वान प्राणेशाचार्यांकडे पाहतात. आचार्य पोथ्या चाळतात, देवाला कौल मागतात, उत्तर मिळत नाही. आणि त्याच रात्री नारणप्पाच्या सोबतिणीशी, चंद्रीशी, त्यांचा संबंध येतो. ज्याच्या निर्णयावर गाव विसंबून आहे त्याचाच स्वतःवरचा विश्वास सुटतो. कार्नाड हे कोसळणे मोठ्या आकांताने दाखवत नाहीत. प्रेत तसेच पडलेले असते आणि हा माणूस विचार करत राहतो. विचार करणे हीच येथे भयंकर कृती होते. सेन्सॉरने आधी अडवलेल्या या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’मध्ये (१९७५) ते शाळामास्तर आहेत. जमीनदाराची माणसे त्यांच्या बायकोला उचलून नेतात. मास्तर शिकलेल्या माणसाला ठाऊक असलेला मार्ग धरतात : पोलीस, वकील, अधिकारी. सगळीकडे दार बंद. पुढे देवळात बायको भेटते तेव्हा ती त्यांच्या दुबळेपणावरच बोट ठेवते. या भूमिकेचे मर्म त्या भेटीत आहे. मास्तर भ्याड नाही. व्यवस्थेवर विश्वास ठेवणारा आहे, आणि त्या विश्वासाने त्याला निकामी केले आहे. शेवटी तो पुजाऱ्याबरोबर गावाला उठवतो खरा, पण उसळलेला जमाव त्याच्या ताब्यात राहत नाही. त्या हिंसेत त्याची बायकोही जाते.

‘मंथन’मधले (१९७६) डॉ. राव गुजरातच्या खेड्यात दूध सहकारी संस्था उभारायला येतात. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट प्रचारपट होऊ शकला असता. तो तसा झाला नाही याचे काही श्रेय कार्नाडांच्या संयमाकडे जाते. डॉ. राव प्रामाणिक आहेत, पण बाहेरचे आहेत. दलित वस्तीतल्या भोलाचा संशय त्यांना समजतो, तो दूर कसा करावा हे लगेच कळत नाही. बिंदूविषयीची ओढ ते स्वतःशीही कबूल करत नाहीत. गावातल्या मुलीशी संबंध ठेवणाऱ्या सहकाऱ्याला मात्र ते परत पाठवून देतात. नियमाने वागणाऱ्या माणसाची ताकद आणि त्याचा कोरडेपणा एकाच वेळी दिसतो. शेवटी त्यांची बदली होते आणि संस्थेचे ओझे भोलाच्या खांद्यावर येते. नायक निघून जातो आणि काम उरते, हे पटण्यासाठी नायकाने पडदा व्यापून टाकून चालणार नव्हते.

४. घरातला सभ्य पुरुष : ‘स्वामी’, ‘उंबरठा’

बासू चटर्जी यांच्या ‘स्वामी’मध्ये (१९७७) हाच संयम आदर्श म्हणून येतो. मनाविरुद्ध लग्न झालेल्या बायकोची घनश्याम शांतपणे वाट पाहतो. प्रेक्षकाने त्याच्यावर माया करावी अशी मांडणीच आहे. कार्नाड ती भूमिका नेटकी करतात, पण येथे त्यांच्या चेहऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

तो प्रश्न पाच वर्षांनी मराठीत विचारला गेला. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला आहे. सुलभा महाजन (स्मिता पाटील) महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते. नवरा सुभाष वकील आहे. तो मारझोड करत नाही, अपमान करत नाही, जायला मनाईही करत नाही. ती परत येते तेव्हा मधल्या काळात आपले दुसऱ्या स्त्रीशी संबंध जुळले, हे तो सांगून टाकतो. आणि सांगितले म्हणजे प्रश्न मिटला, घर पूर्वीसारखे चालू राहील, असे गृहीत धरतो. सुभाष खलनायक असता तर सुलभाचे घर सोडणे सोपे झाले असते. त्या घरात राग धरावा असे काही नाही, फक्त तिला जागा नाही. कार्नाड सुभाषला जितका सभ्य ठेवतात तितकी सुलभाची अडचण खरी होते. सहनायकाने आपली भूमिका प्रेक्षकाच्या डोळ्यांत गोड करून घेण्याचा मोह टाळणे म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर हा प्रसंग दोनदा पाहावा : एकदा स्मिता पाटीलकडे, एकदा कार्नाडांकडे पाहत.

येथे एक धागा नोंदवण्यासारखा आहे. ‘निशांत’, ‘मंथन’ आणि ‘उंबरठा’ या तिन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत, आणि कार्नाडांचे ‘तुघलक’ मराठीत आणले तेही तेंडुलकरांनीच. कार्नाडांच्या चेहऱ्यामागे काय दडलेले आहे याची जाण या मराठी नाटककाराला फार चांगली होती, असे म्हणायला जागा आहे.

५. दूरदर्शन : बाप आणि निवेदक

शंकर नाग यांनी आगुंबे येथे चित्रित केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात घराघरांत पोहोचली. आर. के. नारायण यांच्या कथांमधल्या स्वामीचे वडील वकील आहेत. त्यांचा धाक आहे, पण तो छडीचा नाही, तर्काचा आहे. ‘हीरो’ या भागात ते शक्तीपेक्षा धैर्य मोठे असे मुलाला पटवू पाहतात आणि त्याला एकट्याने त्यांच्या खोलीत झोपायला लावतात. पोराच्या दृष्टीने हा छळ आहे. कार्नाड बापाला कठोर करत नाहीत, विनोदीही करत नाहीत. आपण मुलाच्या भल्याचेच करतो आहोत याची बापाला पूर्ण खात्री आहे. हसू येते ते त्या खात्रीमुळे.

छोट्या पडद्याचे गणित वेगळे असते. घरात, जेवताखाता पाहिल्या जाणाऱ्या माध्यमात मोठा अभिनय टोचतो. कार्नाडांची मोजकी शैली येथे चपखल बसली. पुढे ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानविषयक कार्यक्रमात तर भूमिकाच नव्हती. तेथे ते स्वतः निवेदक होते, आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना प्रा. यश पाल उत्तरे देत. एरवी संशयाने पाहावा असा तो समजावणीचा सूर येथे निखळ कामी आला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की गणिताची पदवी असलेला नाटककार विज्ञान सांगताना ज्ञानाचा दिमाख मिरवत नव्हता.

६. उत्तरार्ध : त्याच चेहऱ्याची उलट बाजू

शंकर दिग्दर्शित तमिळ ‘कादलन’मध्ये (१९९४) ते राज्यपाल आहेत : मुलीचा कडक बाप आणि बॉम्बस्फोटांच्या कटातला माणूस. व्यावसायिक चित्रपटाने त्यांची प्रतिष्ठा उचलली आणि ती मुखवटा म्हणून वापरली. भूमिका ढोबळ आहे, पण युक्ती लागू पडते.

नागेश कुकुनूर यांनी हीच गोष्ट बारकाईने केली. ‘इक्बाल’मधले (२००५) गुरुजी गुणी मुलाला अकादमीतून काढतात, कारण श्रीमंत घरातल्या मुलाची बाजू घेणे सोयीचे असते. ‘डोर’मधला (२००६) सासरा गहाण पडलेली हवेली सोडवण्यासाठी विधवा सुनेचा सौदा करायला तयार होतो. दोघेही ओरडत नाहीत. दोघांकडेही कारणे आहेत, आणि ती ऐकायला वाजवी वाटतात. ‘मंथन’मध्ये ज्या सुरावर आपण विश्वास ठेवला, तोच सूर येथे अन्यायाचे समर्थन करतो. प्रेक्षक दचकतो तो यामुळे.

७. आक्षेप

याला साचा का म्हणू नये? काही अंशी म्हणावेच लागेल. अनेक भाषांतल्या कित्येक चित्रपटांत कार्नाड केवळ भारदस्त बाप किंवा अधिकारी म्हणून येऊन जातात. तेथे दिग्दर्शकाला त्यांच्या नावाचे वजन हवे असते आणि तेही तेवढेच देतात. ‘टायगर’ चित्रपटांतले डॉ. शेणॉय फारसे वेगळे नाहीत. उत्कट प्रेम, बेभान राग, खळखळून हसणे ही त्यांची बलस्थाने नव्हती. ‘इक्बाल’मध्ये नसीरुद्दीन शाह समोर असताना हा फरक उघड दिसतो.

पण साचा आणि सूत्र यांत भेद करायला हवा. साच्यातून तीच वस्तू पुन्हा निघते. सूत्रात किंमत बदलली की उत्तर बदलते. प्राणेशाचार्य, डॉ. राव, सुभाष महाजन आणि ‘डोर’चा सासरा यांच्या ठायी समजूतदारपणा समान आहे, उत्तरे मात्र चार आहेत : हतबलता, सेवा, आत्मसंतुष्टता, क्रौर्य.

हे सूत्र त्यांच्या नाटकांतही आहे. विशीच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘ययाति’त बाप मुलाचे तारुण्य मागतो. ‘तुघलक’मधला सुलतान बुद्धिमान आहे, आदर्शवादी आहे, आणि त्याच बुद्धीच्या जोरावर प्रजेला दिल्लीहून दौलताबादला हाकलतो. सत्ता असलेला शहाणा माणूस इतरांचे काय करतो, हा प्रश्न कार्नाडांनी लिहून मांडला आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहूनही मांडला. म्हणून अभिनयाची ओळ त्यांच्या चरित्राच्या शेवटी टाकणे बरोबर नाही. ती नाटकांच्या शेजारी ठेवून वाचावी.

समारोप

तुमच्यापैकी बहुतेकांना पुढे कचेरीत, प्रयोगशाळेत, घरात अशी माणसे भेटतील : शांत बोलणारी, कारणे देणारी, तुमच्या भल्याचेच सांगणारी. त्यांतली काही डॉ. राव असतील, काही सुभाष महाजन. आवाजावरून ती ओळखू येणार नाहीत. त्यांच्या निर्णयाची किंमत कोण मोजते आहे, हे पाहावे लागेल. पन्नास वर्षांच्या कामातून कार्नाडांनी प्रेक्षकाला ही सवय लावण्याचा प्रयत्न केला.

विचारासाठी प्रश्न

१. ‘स्वामी’मधला घनश्याम आणि ‘उंबरठा’मधला सुभाष यांच्या संयमाची तुलना करा. दिग्दर्शकाची दृष्टी कोठे वेगळी होते?

२. ‘निशांत’मधल्या मास्तरांची हतबलता ही व्यक्तीची आहे की व्यवस्थेची? प्रसंगांच्या आधारे लिहा.

३. रूप बदलणारा आणि रूप न बदलणारा असे दोन अभिनेते तुमच्या भाषेतून निवडा. ‘अष्टपैलू’ हा शब्द दोघांना कोणत्या अर्थाने लागू होतो?