समांतर संगणनाची साधने : सोय आणि मर्यादा

पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा समांतर संगणन मोजक्या संस्थांपुरतेच होते. आज सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील साध्या संगणकांतही अनेक कोअर असतात आणि ‘ओपनएमपी’चा एक निर्देश लूपचे काम त्यांत वाटून देतो. मात्र ही सोय फसवी आहे. सामायिक बेरजेत दोन थ्रेड एकाच वेळी लिहू लागल्यास एकाची भर नाहीशी होऊ शकते. कंपायलर सहसा मूक राहतो. ‘रिडक्शन’ने हा दोष टळतो, पण त्याची गरज प्रोग्रामरनेच ओळखावयाची असते. ‘एमपीआय’मध्ये माहितीची देवाणघेवाण स्पष्ट लिहावी लागते, कष्ट वाढतात, परंतु परस्परावलंबन दृष्टीस पडते. म्हणून प्रात्यक्षिकात वेग मोजण्यापूर्वी अचूकता तपासली जावी. एकदा आलेले बरोबर उत्तर हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.