तूप, फोन आणि गरजेची रेघ

गरज आणि चैन यांतला फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. आपल्याकडे तो त्याआधीच गावगाड्याने शिकवला होता. येसकराला मिळणारी भाकर ही गरज. ती किती द्यायची, ताजी की शिळी, हे देणारा ठरवी. त्यापलीकडे महाराने मागितलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे माज.

१९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले; ते प्रत्यक्षात होऊ दिले गेले नाही. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिकत आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले, त्यात तूप वाढले, आणि सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर तुटून पडले. तुपावाचून माणूस मरत नाही, हे खरेच. चवदार तळ्याच्या पाण्यावाचूनही १९२७ पर्यंत महाडचे अस्पृश्य जगतच होते. सत्याग्रहींना हे खुद्द बाबासाहेबांनीच सांगितले होते. केवळ गरजेचा निकष लावला तर महाडचा संगर अनावश्यक ठरतो!

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पांढरपेशा वर्तुळात आज हीच रेघ सभ्य भाषेत ओढली जाते. मी कल्याणला शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या शिक्षक-खोलीतले वाक्य ठरलेले आहे: ‘स्कॉलरशिप घेतात, आणि हातातला फोन बघा!’ हे बोलणाऱ्यांना माहीत असते की शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो, आणि त्याचा ओटीपी फोनवरच येतो. शासनाने फोन ही गरज केली. समाजाच्या लेखी ती चैनच राहिली.

स्वाधार योजनेचे आकडे पाहा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला ठाणे, मुंबई, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. म्हणजे निवासाला महिन्याकाठी सोळाशे-सतराशे. एवढ्यात कल्याण पूर्वेच्या चाळीतही एकट्याला खोली मिळत नाही. निर्वाहाचे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. या हिशेबात भूक आहे, छप्पर आहे. मित्राबरोबर चहा, नाटकाचे तिकीट, आवडले म्हणून विकत घेतलेले पुस्तक कुठेच नाही. विद्यार्थी म्हणजे जिवंत ठेवायचे एक शरीर, एवढीच ही कल्पना.

आणि इथे आपल्या समीक्षेलाही जाब विचारला पाहिजे. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी भुकेबरोबर शहराची, प्रेमाची, देहाची ओढही लिहिली. प्रस्थापित वाचकाने त्यातली भूक तेवढी उचलली. तिच्यावर त्याला रडता येत होते. आपल्या समीक्षकांनीही ‘वेदना आणि विद्रोह’ या जोडीपलीकडे फारसे पाहिले नाही. दलित माणसाची हौस हा वाङ्मयीन विषयच झाला नाही. मग पुस्तकातल्या उपाशी पोरावर हळहळणारा वाचक वर्गातल्या पोराच्या नव्या बुटांकडे रागाने पाहतो, यात आश्चर्य कसले?

ठाण्यात २०१० साली उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, डोंबिवलीत २०१७ साली. संमेलनांना शासन अनुदान देते. मंडप आणि ग्रंथदिंडी ही गरज की चैन, असे कोणी विचारत नाही. विचारूही नये, भाषेलाही हौस असते.

पण गरिबाच्या दोन गरजांची मात्र झुंज लावली जाते. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली, महिना १,५०० रुपयांची. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये तिच्याकडे वळवल्याबद्दल त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. नियमांत बसते, असे सरकारचे उत्तर. बसतही असेल. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या घरी आई त्या पंधराशेची लाभार्थी आहे आणि मुलगी शिष्यवृत्तीची. आईचे पैसे चैन आहेत असे मी म्हणणार नाही. कुणी म्हटले तर भांडेन. पण मुलीच्या वाट्याच्या तिजोरीतूनच ते का यावेत, याचा खुलासा विधिमंडळाने त्या दोघींना करावा.