सविकल्प समाधी आणि एक लाथ

दिवाळी अंकासाठी समीक्षात्मक लेख लिहावयाचा म्हणजे वर्षभरात गाजलेली एखादी कादंबरी, निदान एखादा वादग्रस्त कवितासंग्रह हाताशी हवा, असा संकेत आहे. यंदा तो मी मोडणार आहे. ज्या कृतीविषयी मी लिहिणार आहे ती पुस्तक नव्हे, पेटी आहे. तिच्यात एक नियमपुस्तिका आहे, घरे आखलेला एक पट आहे, फासे आहेत आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या प्लॅस्टिकच्या मूर्ती आहेत. गेले आठ महिने दर रविवारी संध्याकाळी, सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत, शाळेपासूनच्या एका मित्राबरोबर मी हा खेळ खेळतो आहे. अशा वस्तूची साहित्यकृतीप्रमाणे चिकित्सा करावी काय, अशी शंका वाचकांना येईल. मलाही ती होती. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्यात जे घडले, त्याने ती फिटली.

खेळाचे नाव 'ब्लड बोल'. जर्विस जॉन्सन या रचनाकाराचा हा खेळ गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 1986 साली प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीतले खेळाडू पुठ्ठ्याचे होते. 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्लॅस्टिकचे झाले. मधली काही वर्षे कंपनीने खेळाकडे पाठ फिरवली, तेव्हा त्याच्या चाहत्यांनीच नियमांची देखभाल करून तो जिवंत ठेवला. 2016 साली तो पुन्हा नव्या पेटीतून बाजारात आला. आम्ही खेळतो ते नियम 2020 च्या आवृत्तीचे. कल्पना अशी, की ज्या अद्भुत जगात बुटके, राक्षस, एल्फ आणि माणसे शतकानुशतके एकमेकांचे गळे कापीत आली, तिथे आता युद्धाच्या जोडीला अमेरिकन फुटबॉलसारखा एक खेळ खेळला जातो. या खेळाचा देवही आहे. त्याचे नाव नफल. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेची तीन आद्याक्षरे सलग उच्चारून पाहावीत, म्हणजे या देवाचे कुळ कळेल. पट सव्वीस घरे लांब आणि पंधरा घरे रुंद. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी मैदानात. सामन्याचे दोन भाग, आणि प्रत्येक भागात प्रत्येकाच्या आठ पाळ्या. चेंडू पलीकडच्या शेवटच्या ओळीत नेला की एक गुण. वाटेत प्रतिस्पर्ध्याला पाडावे, चिरडावे, जखमी करावे, हे सारे नियमात बसते.

आपल्याकडे पटावरचे खेळ काही थोडेथोडके नाहीत. सारीपाटाने आपल्या भाषेला 'पौबारा' दिला, 'डाव साधणे' दिले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक अख्खे सूक्त आहे, आणि महाभारताचे सगळे रामायण, म्हणायचे झाले तर, एका फाशाच्या डावातूनच उद्भवले. तथापि सारीपाटाच्या सोंगटीला रंग आहे, नाव नाही. बुद्धिबळातल्या प्याद्याला फार तर वजीर होण्याची आशा आहे, पण त्याला काल नाही आणि उद्याही नाही. डाव संपला की सारे मोहरे एकाच डब्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी मेलेला घोडा ताजातवाना होऊन आपल्या घरात उभा राहतो.

याच्या अगदी उलट टोकाला आपले दिवाळीतले किल्ले. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेला मावळा मुलांच्या लेखी केवळ मावळा नसतो; तो तानाजी असतो, बाजी असतो. बुरुजापेक्षा वाघ मोठा आणि दरवाज्यापेक्षा गवळण उंच, याने कुणाचे काही बिघडत नाही. परंतु किल्ल्यावर फासा पडत नाही. तिथली लढाई थांबलेली असते. उगवलेल्या अळिवाच्या हिरवळीत मावळे भाऊबीजेपर्यंत भाला उगारून तसेच उभे. किल्ल्यातल्या मूर्तीला नाव आहे, पण तिला धोका नाही. पटावरच्या सोंगटीला धोका आहे, पण नाव नाही. 'ब्लड बोल'चे वैशिष्ट्य माझ्या मते एवढेच, आणि ते लहान नव्हे, की त्याने ही दोन्ही एका मूर्तीच्या ठायी आणली. प्रत्येक गड्याला मालकाने नाव द्यावे, कागदावर त्याची नोंद ठेवावी, त्याने केलेल्या पराक्रमाचे गुण मांडावेत, त्या गुणांतून त्याला नवे कौशल्य मिळावे. आणि मग एखाद्या रविवारी एका फाशासरशी तो कायमचा मरावा. मेला म्हणजे मेला. पुढच्या सामन्यात तो नाही.

या रचनेतला सर्वांत सुंदर नियम 1994 च्या आवृत्तीपासून आला. आपल्या पाळीत आपला एखादा गडी पडला, किंवा हातचा चेंडू निसटला, की पाळी तिथेच संपते. उरलेले गडी जागच्या जागी थिजतात. म्हणून जे निर्धोक ते आधी करावे आणि जोखमीचे शेवटी, हा शहाणपणा. तो सर्वांना कळतो आणि फारच थोड्यांना पाळता येतो. माणसाचा लोभ इतक्या थोड्या शब्दांत उघडा करणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही. माझा मित्र चित्रकला शिकवून निवृत्त झाला. तो आधी सगळे गडी सावरून घेतो आणि मग सुस्कारा टाकून फासा उचलतो. मी पहिल्याच चालीला जोखीम घेतो आणि पाळी घालवून बसतो. पन्नास वर्षांच्या मैत्रीत एकमेकांचे जे स्वभाव आम्ही शब्दांत कधी मांडले नाहीत, ते या पटाने दोन महिन्यांत मांडले.

माझा संघ ऑर्कांचा: हिरव्या कातडीचे, जाड चिलखताचे, पाडापाडीत तरबेज. त्याने मुद्दाम हाफलिंग घेतले. कमरेइतक्या उंचीची ही खादाड, गोड आणि खेळाच्या दृष्टीने सर्वस्वी निरुपयोगी जात. तिच्या मदतीला संघात फक्त एक-दोन चालती झाडे. हाफलिंग घेऊन जिंकण्याचा कुणी विचारही करीत नाही. मित्राने भिंगाखाली बारीक कुंचल्याने एकेक मूर्ती रंगवली आणि खाण्यावरचा त्यांचा जीव पाहून त्यांना फराळाची नावे दिली: अनारसा, कडबोळे, शंकरपाळा, चिरोटा. माझ्या ऑर्कांना मी आकडे दिले. एक ते बारा.

यांतला चिरोटा नामवंत निघाला. नियमाप्रमाणे झाडाला आपल्याच संघातला हाफलिंग उचलून फेकता येतो; बहुधा तो डोक्यावर आपटतो. आषाढातल्या एका सामन्यात शेवटच्या पाळीला चेंडूसकट फेकलेला चिरोटा माझ्या चार ऑर्कांच्या डोक्यांवरून गेला, पायांवर उतरला आणि धावत रेषेपलीकडे पोचला. सामना बरोबरीत सुटला. मित्राने त्या दिवशी चहाऐवजी कॉफी मागितली. पुढे कितीतरी रविवार ही हकीकत आमच्यात पुन्हापुन्हा सांगितली गेली, आणि प्रत्येक वेळी चिरोटा थोडा अधिक उंच उडाला.

आता तो रविवार. मी दोन-शून्य पुढे होतो. सामन्याची माझी शेवटची पाळी चालू होती, आणि त्याला आता काहीही साधण्यासारखे उरले नव्हते. चिरोटा मैदानाच्या कडेला पालथा पडला होता. पडलेल्या गड्याला लाथ मारणे हा या खेळातही अपराधच. पण फाशांवर जोड पडली तरच पंच तो पाहतो. मी दोन ऑर्क त्याच्या शेजारी आणले आणि तिसऱ्याकडून लाथ मारवली. चार आणि तीन: चिलखत फुटले. सहा आणि पाच: जबर दुखापत. जोड कुठेच नाही, म्हणजे पंचाची नजर दुसरीकडे. त्याच्या संघाचा वैद्य पूर्वार्धातच खर्ची पडला होता. मग सोळा पैलूंचा फासा. पंधरा. मृत्यू.

मी हसलो. हा खेळ हसण्यासाठीच रचलेला आहे. त्याच्या पुस्तिकेत मरण हा पानोपानी विनोदाचा विषय आहे. मित्र हसला नाही. त्याने कागदावरचे नाव खोडले आणि विचारले, "नियमात बसतं, मला ठाऊक आहे. पण तुला त्याचा उपयोग काय होता?" मी म्हटले, "अरे, खेळच आहे हा." त्याने मूर्ती रुमालात गुंडाळली आणि तो गेला. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

त्या तीन रविवारांत मी स्वतःच्या समर्थनासाठी शास्त्राधार शोधला. समीक्षकाचे हेच दुर्दैव, की त्याला भांडणातही सिद्धांत लागतो. न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही. तो एकाच वेळी तो असतो आणि मीही असतो, आणि या दुहेरी भोगातच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा थोडक्यात आशय. मी ताडकन निदान केले: मित्राचा 'विकल्प' सुटला. प्लॅस्टिकच्या तुकड्याशी तो निव्वळ एकरूप झाला. ही समाधी नव्हे, भाबडेपणा. मला मात्र पूर्ण भान होते, म्हणून रसिक मी.

हे निदान चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी नियमपुस्तिका पुन्हा चाळताना एक कलम डोळ्यांपुढे आले. सरळ झुंजीत प्रतिस्पर्ध्याचा गडी जायबंदी केला तर आपल्या गड्याच्या खात्यावर गुण जमा होतात. पडलेल्याला लाथ मारून केला तर काहीही नाही. मरणाची पानोपानी थट्टा करणाऱ्या त्या पुस्तिकेने या एका ठिकाणी मात्र न हसता हिशेब चोख ठेवला होता. सामना माझाच होता. लाथेने मला ना गुण, ना डाव, ना पुढच्या सामन्यासाठी काही. मित्राच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेने दिले होते: उपयोग काहीच नव्हता. मग मी लाथ का मारली?

इथे केळकरांची उपपत्ती मला अपुरी वाटू लागली. कादंबरीतल्या खलपुरुषाशी आपण घटकाभर एकरूप होतो ते निर्धास्तपणे. कारण त्याचे कृत्य लेखकाने केलेले असते. शकुनीचे फासे वाचकाने टाकलेले नसतात. खेळात मूर्ती काल्पनिक असते, जखम काल्पनिक असते, पंचही काल्पनिक असतो. पण निवड खरी असते, आणि समोर बसलेला माणूसही खरा असतो. वाचकाच्या समाधीला किंमत मोजावी लागत नाही, खेळणाऱ्याच्या समाधीला लागते. माझ्या मित्राने विकल्प मुळीच सोडला नव्हता. चिरोटा प्लॅस्टिकचा आहे हे, तो रंगवणाऱ्यापेक्षा अधिक कोण जाणणार? विकल्पाचा आडोसा मी घेतला होता. आम्हा दोघांच्या पटावर गोष्ट एकच निर्माण झाली होती आणि ती त्याची होती. माझ्या बारा आकड्यांपैकी एकाचीही गोष्ट नव्हती. ती मला पुसून टाकायची होती. 'खेळच आहे हा' हे वाक्य मी ऑर्काच्या वतीने बोललो. लाथ मात्र माझ्या वतीने मारली.

एच. जी. वेल्सने 1913 साली 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले. युद्धाची हौसच असेल तर ती जमिनीवर, शिशाच्या शिपायांवर भागवावी, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने माणूस सुधारतो ही आशा मी त्याच्याइतकीच जपून बाळगीन. 'ब्लड बोल'ही माणसाला सुधारीत नाही. त्याची थट्टा अनेकदा पोरकट आहे, आणि जीव लावायला शिकवून मरणाच्या क्षणी फक्त खिदळणे हा तिच्यातला खरा दोष आहे. शोकासाठी या पुस्तिकेत एकही कलम नाही. मेलेल्याच्या जागी तीस हजार सुवर्णमुद्रांना नवा हाफलिंग विकत घ्यावा, एवढेच तिला सुचते. पण खेळणाऱ्याला तो जसा आहे तसा दाखवणे, हे ज्या कृतीला साधते तिला कला म्हणायला मी आता कचरणार नाही. कित्येक नामांकित कादंबऱ्यांनी मला इतक्या जवळून पाहिलेले नाही.

नवरात्रातल्या रविवारी मित्र आला. पेटी त्याने स्वतःच उघडली, पण पट मांडला नाही. माझ्या संघाचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "आधी या बारा जणांना नावं दे. मग खेळू." आजवरचे माझे आयुष्य इतरांच्या कृतींना नावे ठेवण्यात गेले, नाव देण्याचे काम इतके अवघड असेल असे वाटले नव्हते. सातव्या ऑर्कापर्यंत येता येता दिवेलागण झाली. चिरोट्याला लाथ मारणारा तो सातवाच. त्याच्यापाशी मी बराच वेळ अडलो, आणि त्या दिवशी खेळ काही झाला नाही.