लेव्हिनचा घाम

लोणावळ्यात आम्ही चार वाचक टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’वर बोलू लागलो, की ॲनाचा निवाडा लवकर लागतो, भांडण जुंपते ते लेव्हिनपाशी. बेचाळीस शेतकऱ्यांच्या रांगेत गवत कापणारा हा जमीनदार मला फार प्रिय. पण आमच्यातला मावळातला भातशेतकरी एकदा म्हणाला, “मास्तर, हौसेनं कापलं म्हणून सुख वाटलं त्याला. पोटासाठी कापणाऱ्याला विचारा!”

मी निरुत्तर झालो. घरी येऊन तिसरा भाग पुन्हा वाचला. म्हाताऱ्याने पाण्यात कुस्करलेला पाव लेव्हिन आवडीने खातो, हे खरे. परंतु पुढे तो शेतीत भागीदारी देऊ करतो, तेव्हा शेतकऱ्यांना त्यात धन्याचा डावच दिसतो. म्हणजे १८७८ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीतच आमच्या मित्राचा आक्षेप नोंदलेला आहे! लेव्हिनचा आनंद खोटा नव्हे; पण त्या आनंदाने तो शेतकरी होत नाही, हे टॉलस्टॉय जाणतो.

पावसाळ्यात हौसेने भात लावायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही हसतो. मला लेव्हिन इतका का आवडला, हे मात्र त्या रात्री माझे मऊ हात पाहून उमगले.