शत्रूला चेहरा नसतो तेव्हा

मराठी कादंबरीतली झुंजणारी माणसं बहुधा हरतात. यमुना हरते, फकिरा शरण जातो, कौतिकचा संसार धुळीला मिळतो. वाचकाची याला हरकत नसते. झुंज लुटुपुटीची वाटली, की मात्र त्याचं मन उडतं. ती खरी वाटायची तर समोरच्या शक्तीचं वजन जाणवायला हवं आणि माणसाच्या हातातही काही उरायला हवं, मग ते चुकीचं पाऊल का असेना. हा तोल आपल्या कादंबरीला कुठे साधला आणि आज तो का ढळतो आहे, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यातली शक्ती म्हणजे रूढी. पण हरिभाऊ रूढीवर व्याख्यान झोडत बसत नाहीत. ती शंकरमामंजींच्या रूपाने घरात वावरते, धर्माच्या गोष्टी बोलते आणि शेवटी विधवा यमुनेचं सक्तीने केशवपन करवते. एवढं होऊनही यमुनेकडे एक गोष्ट राहते: कहाणी तिची ती सांगते. घडलं त्याचा अर्थ लावण्याचा हक्क मामंजींना मिळत नाही.

‘फकिरा’मध्ये (1959) शत्रू उघड आहे. गोऱ्या सरकारने एका जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आहे आणि कर्त्या माणसांना हजेरीला बांधून टाकलं आहे. अण्णाभाऊ साठे मुळात शाहीर, त्यामुळे खजिना लुटण्यासारख्या प्रसंगांत पोवाड्याचा वेग येतो. वाचताना रक्त सळसळतं, पण तिथे फकिरा सरकारपेक्षा मोठा होतो आणि धोका कमी वाटू लागतो. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरतं, तेव्हा कादंबरी खरी उंची गाठते. तलवारीला न हरणारा माणूस नात्यांपुढे वाकतो, आणि तो निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

त्याआधी 1939 मध्ये विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’मध्ये वेगळी वाट शोधली होती. हिटलरची जर्मनी मागे राहिली आहे, बोट मुंबईकडे निघाली आहे, चक्रधर आणि हॅर्टा यांच्यात प्रेमही फुललं आहे. तरी ज्यू हॅर्टाला उतरायला जमीन नाही. जुलूम करणारा समोर येत नाही, पण त्याची सावली डेकवरच्या प्रत्येक संभाषणावर पडलेली आहे.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (1960) तर मामंजी नाहीत, साहेब नाही, हुकूमशहाही नाही. आहे ती नुसती ददात. नवऱ्याचा नाकर्तेपणा, मग त्याला जडलेला महारोग, हाताबाहेर जाणारी मुलं. कौतिक एक भोक बुजवते तोवर दुसरं पडतं. शेळके गरिबीचं विश्लेषण करायला थांबत नाहीत. कौतिकचं कष्टणं, भांडणं आणि वऱ्हाडी बोलणं एवढ्यावर ते सगळा भार पेलतात. शत्रूला चेहरा नसतानाही कादंबरी कशी उभी राहते, याचा तो वस्तुपाठ आहे.

पुढे विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त (1991) धरण आलं. लेखक स्वतः महसुली प्रशासनातले, त्यामुळे फाईल कुठे अडते आणि मोबदल्याला वाटेत कोण कोण फाटे फोडतं हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. धरणग्रस्त खैरमोडे गुरुजींची फरफट म्हणूनच पटते. मात्र अन्यायाचे इतके थर चढत जातात, की काही ठिकाणी माणसं दबतात आणि प्रकरण उरतं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला (2002) एकनाथ तनपुरे या दबण्यातून वाचतो, कारण तो चिडका आहे. शिकूनही नोकरीसाठी पैसे भरायची ऐपत नाही, शेती परवडत नाही. तो राग निघतो बायकोवर. अलकाची कुरकूरही खोटी नाही. बाजार घरात शिरतो तो नवरा-बायकोच्या भांडणातून, आणि वाचकाला कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

नेमकं हेच भान नंतरच्या बऱ्याच ग्रामीण कादंबऱ्यांत हरवलं. कोरडं आभाळ, सावकार, बँकेची नोटीस आणि शेवटी फास, असा साचा पडून गेला. लेखकाची कळकळ खरी असते, पण त्याचा शेतकरी कधी चुकत नाही, कुणावर अन्याय करत नाही, हट्टाला पेटत नाही. असा निव्वळ सोसणारा माणूस वर्तमानपत्राच्या बातमीतही भेटतो. त्यासाठी तीनशे पानं कशाला?

नंदा खरे यांची ‘उद्या’ (2014) दुसऱ्या टोकाला जाते. तिथे पाळत ठेवणारी यंत्रणा आणि कंपन्या ही शक्ती आहे, आणि माणसं तिला आपणहून शरण जाऊ लागली आहेत. आवाका मोठा आहे, पण विचार पुढे धावतात आणि पात्रं मागे पडतात. उलट कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ धरणग्रस्तांचाच विषय घेते आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीच्या शोधात निघालेल्या माणसापाशी येऊन थांबते. कचेऱ्या पडद्याआड जातात, तरी विस्थापनाचं ओझं जाणवत राहतं.

आता शक्तीची रूपं आणखी पातळ झाली आहेत. मोबाईलवरून कर्ज वसूल होतं, कंत्राटी कामगाराला मालक दिसत नाही, दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या पोराचा रोज किती हे ॲप ठरवतं. हे जग मराठी कादंबरीत यायचं तर दोन जुने गुण लागतील. हरिभाऊंना घर, अण्णाभाऊंना हजेरी आणि पाटलांना फाईल ठाऊक होती, तसा या यंत्रणेचा व्यवहार लेखकाला आतून माहीत हवा. आणि आपल्या लाडक्या पात्राला चुकू देण्याची हिंमत हवी. शत्रू कितीही अदृश्य असो, चुकायला मोकळा असलेला माणूसच त्याच्याशी झुंजू शकतो; बाकीच्यांची फक्त कणव येते.